भिंतीवर उगवलेला हात

१

वाघळ्याला जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि एका सकाळी तो भिंतीवर हजर झाला.

भिंत बर्फाच्या कारखान्याची. कारखाना बंद पडून जमाना झाला होता, पण भिंतींनी ती गोष्ट मनावर घेतली नव्हती. त्यांना अजून बारा महिने घाम सुटायचा. आत, जिथे पूर्वी बर्फाच्या लाद्या रचत, तिथे 'भुयार' नावाचा हेवी मेटल बँड सराव करायचा. अंगणाकडची उंच भिंत चाहत्यांना आंदण दिलेली होती. ती त्यांनी काळीकुट्ट रंगवली होती आणि तिच्यावर बँडची चित्रं काढायची त्यांची रीत होती: कवट्या, साखळ्या, आगीत उभे गिटारवाले, आणि सगळ्यात जास्त वाघळ्या. वाघळ्या म्हणजे भुयारचा गायक. वटवाघळासारखे हात पसरून गायचा म्हणून चाहत्यांनी ठेवलेलं नाव. चित्रांना नियम एकच. रंग भिंतीपाशी ठेवलेल्या डब्यांतलेच घ्यायचे, पाण्यात विरघळणारे. आपण चित्र काढायचं, भिंतीने ते हळूहळू ओघळवत खाली आणायचं, आणि जागा पुढच्याला मोकळी. या मंडळींना वितळणारे चेहरे बघायची भारी हौस होती, त्यामुळे भिंतीबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

चित्रकलेच्या बाईंची मात्र होती. "भिंत आहे का न्हाणीघर," त्या म्हणाल्या आणि ओला झालेला हात रुमालाला पुसला.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्यांची जीभ झाली नव्हती. भुयारचं गाणं त्यांनी एकदाच ऐकलं होतं आणि कानाला खडा लावला होता. आज त्या आल्या होत्या वाघळ्याच्या बहिणीसाठी. ती औषधांच्या दुकानात काम करायची. दोघं बहीणभाऊ बाईंच्या हाताखालून गेलेले, आणि आईवडिलांच्या मागे भावाला तिनेच वाढवलेलं.

"हे बघा," बहीण म्हणाली.

बाईंनी बघितलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

वाघळ्या खऱ्या माणसाएवढा होता. अंगात लालभडक शर्ट, चेहरा वर केलेला, तोंड अर्धवट उघडं. उजवा हात डोक्याच्या वर ताणलेला आणि त्याची बोटं कशावर तरी वळलेली, पण बोटांत काहीच नव्हतं, नुसता काळोख. डोकं मोठं होतं, पाय लहान होत होत खाली भिंतीत विरून गेले होते. आजूबाजूच्या चित्रांचे रंग भिंतीने पिऊन टाकले होते. हा एकटा पेटल्यासारखा दिसत होता. आणि कुठेही उभं राहा, तो तुमच्याकडे वर मान करूनच बघत होता.

"हात चांगला आहे," बाई म्हणाल्या. "सही कुठंय?"

"तेच ना. इथे प्रत्येकजण कोपऱ्यात आपली खूण ठेवतो. याने नाही ठेवली." बहिणीचा आवाज दबलेला होता. "पोरं म्हणतात, त्याने स्वतःच काढलं. तुम्ही म्हणायचात ना, नाव झाका, चित्र बघून पोरगं ओळखते. ओळखा."

"अगं, वर्गातली पोरं वेगळी. इथे अख्खं शहर येऊन भिंत रंगवतं. आणि ओळखून करायचंय काय? कोणाला तरी आठवण आली असेल त्याची."

"बाई, शर्ट बघा."

"लाल आहे."

"काळ्याशिवाय दुसरा शर्ट बघितलात कधी त्याच्या अंगात? हा मी आणला होता. नोकरीच्या मुलाखतीसाठी. त्याने तो एकदाच घातला. त्या दिवशी."

तो दिवस बाईंनाही माहीत होता, सगळ्यांना माहीत होता तेवढाच: वाघळ्या संध्याकाळी याच अंगणात, याच भिंतीखाली सापडला होता. गच्चीवरून पडलेला. गच्चीवर एकटा. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

"त्या दिवशी त्याला कोणीच पाहिलं नाही असं सगळ्यांनी सांगितलं," बहीण म्हणाली. "मी आले तेव्हा रखवालदाराने ताडपत्री टाकलेली होती. तिच्याखालचा शर्ट मी बघितला आणि त्या म्हाताऱ्याने. त्याला धड दिसतही नव्हतं, चित्र कुठलं काढतोय. मग या माणसाला शर्ट कसा माहीत?"

"तू एवढी पांढरीफटक का पडलीयेस?"

तेव्हा तिने सांगितलं. वर्षभरात कोणाला न सांगितलेलं. सकाळी भांडण झालं होतं. मुलाखतीला जायचं सोडून वाघळ्या सरावाचं बोलायला लागला, आणि ती म्हणाली होती, जा तिकडेच, आणि आता परत या घरात येऊ नकोस.

"आणि तो आला नाही," ती म्हणाली. "बाई, मला शिक्षा कोणाला करायची नाहीये. ज्याने हे काढलं तो शेवटी त्याच्याबरोबर होता. मला एवढंच कळू दे, तो माझ्या बोलण्याने गेला का."

बाईंनी चष्मा पुसला. गच्चीच्या जिन्याला कुलूप असायचं आणि त्याच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: गिटारवाला, चाहत्यांच्या मंडळाची अध्यक्षीण, आणि बँडचे शर्ट छापणारा, ज्याची खोकी वरच्या खोलीत पडलेली असत. वाघळ्याकडे किल्ली नव्हती. म्हणजे तिघांपैकी एकजण वर्षभर खोटं बोलत होता.

२

गिटारवाला बाईंचाच विद्यार्थी. वर्गात वाघळ्याच्या शेजारी बसायचा आणि त्याचीच चित्रं आपल्या नावावर खपवायचा.

सरावाच्या खोलीत शिरताच बाईंना थंडी वाजली. ध्वनिवर्धक चालूच होते आणि त्यांतून एक बारीक गुंजन येत होतं. मधोमध माइकचा स्टँड उभा होता. त्याच्याभोवती सगळ्या वायरी वळसा घालून गेल्या होत्या, आणि गिटारवालाही बोलता बोलता तिथे आला की वळसा घालून जायचा.

"तो हलवत का नाही?" बाईंनी विचारलं.

"हलवला होता. मग कोणालाच वाजवता येईना." तो ओशाळला. "बाई, त्या दिवशी सरावच नव्हता. मी इथे आलोच नाही. आता गाणं मीच म्हणतो, नवीन अल्बम येतोय, तर लोकांना वाटतंय मला त्याची जागा पाहिजे होती. त्यात हे चित्र. मी भिंत पुसायला माणूस बोलावलाय."

"पुसायची नाही. मी सांगेन तेव्हा." बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "चित्र तू काढलेलं नाहीस एवढं मला कळतं. तुला केळं काढायला दिलं तर त्याचा होडका व्हायचा."

"मग कोणी काढलं?"

"काढून घेता येतं, बाळा. दुसऱ्याकडून. तेव्हाही तू तेच करायचास."

त्याला हसू आलं नाही. जाताना तो एवढंच म्हणाला, की वाघळ्याच्या आठवणीचा शर्ट काढायचा होता, पण शर्टवाला वर्षभर नुसता आज देतो, उद्या देतो करतोय. जो तो आपापल्या परीने खचलाय.

शर्टवाला वरच्या खोलीत खोकी आवरत होता. हडकुळा, बोटांच्या टोकांना सगळे रंग. चित्राचं नाव काढताच तो म्हणाला, "मी नाही बघितलं. मी अंगणातून जातच नाही, मागच्या दाराने येतो." का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तो मला अजून हाक मारतो असं वाटतं." शाळा सोडून गेलेली कित्येक पोरं बाईंनाही अजून अशीच हाक मारायची.

राहिली मंडळाची अध्यक्षीण. तिच्याकडे बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. ती दातांची डॉक्टर होती. पांढऱ्या कोटाखाली तिने कवटीचा काळा शर्ट घातला होता, आणि पेशंटांना तो दिसू नये म्हणून वरचं बटण लावलेलं होतं.

"भिंतीवरची निम्मी चित्रं माझी आहेत," ती अभिमानाने म्हणाली. तिने ती भिंतीवरून ओघळण्याआधी फोटो काढून ठेवलेले होते. बाईंनी एकेक बघितला. सगळीकडे वाघळ्या खालून दिसत होता: मोठी हनुवटी, नाकपुड्या, वर पसरलेले हात, डोकं लहान.

"सगळी खालूनच?"

"गर्दीत उभं राहिलं की तो असाच दिसायचा ना. आम्ही खाली, तो वर. कोणाही चाहत्याचं चित्र बघा."

"आणि हे नवीन?"

डॉक्टरने फोटो बाजूला ठेवले. "ते वरून आहे. माझ्याही लक्षात आलं."

"तुम्हाला तर वरून बघायची सवय असेल. दिवसभर खुर्चीतली माणसं, वर केलेली तोंडं, उघडे जबडे."

"बाई, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मी सगळ्यांवरच घेते. त्याशिवाय तपासून काय होतं?"

डॉक्टर हसली, पण हातातलं अवजार तिने खाली ठेवलं. "मग हेही ऐकून ठेवा. त्या भिंतीवर लाल रंग उभा राहत नाही. मी तीन-तीन हात दिलेत. काळा त्याला खातो, दुसऱ्या दिवशी विटकरी. आणि याचा शर्ट बघा, पेटलाय नुसता. तेच डबे, तोच रंग. कसा केला ते मला कळलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं, स्वतः वापरलं असतं."

"आणि तो हात? काय धरलंय त्याने?"

"माइक. अजून काय धरणार?"

बाईंनी टेबलावरचा पेला उचलून माइकसारखा तोंडाशी धरला. मग हात वर ताणून धरला. मनगट जमेना. चित्रातली बोटं वरून खाली वळलेली होती, जाड काही तरी गच्च पकडल्यासारखी. असा माइक कोणी धरत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. बहिणीचा होता आणि तिला धाप लागली होती.

"बाई, लगेच या. तो पांढरा पडतोय."

३

अंगणात गर्दी जमली होती, आणि एवढी माणसं असून आवाज नव्हता. एरवी या पोरांना हळू बोलणं ठाऊक नसतं.

भिंतीने आपलं काम सुरू केलं होतं. शर्टाचा लाल ओघळून खाली चालला होता आणि त्याच्याखालून काळी भिंत दिसायला हवी होती. दिसत होता पांढरा. चेहऱ्याचा रंग गालांवरून उतरला होता आणि खाली पांढरा चेहरा होता, डोळ्यांच्या जागी खाचा. वाघळ्याची जणू हाडं वर येत होती. शेजारची चित्रं पार पुसली गेली होती, हा मात्र सुटत नव्हता.

पण लोक चेहऱ्याकडे बघत नव्हते. बहिणीने बाईंचा दंड धरला आणि वर बोट दाखवलं.

वाघळ्याच्या ताणलेल्या हाताच्या वर, जिथे सकाळपर्यंत नुसता काळोख होता, तिथे दुसरा एक हात उगवला होता. पांढराशुभ्र. चित्राच्या कडेतून आत आलेला. त्याला खांदा नव्हता, धनी नव्हता. तो वाघळ्याच्या मनगटापर्यंत पोचला होता.

"ढकलतोय," कोणी तरी म्हणालं.

"ओढतोय."

"तोच सांगतोय, कोणी मारलं ते."

आणि मग सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात गिटारवाला उभा होता. त्याची पाचावर धारण बसली होती. "मी नव्हतो इथे," तो म्हणाला, पण ज्या तऱ्हेने म्हणाला त्याने कोणाचंच समाधान झालं नाही. एकाने बाटली फेकली. ती त्याच्या डोक्याजवळ भिंतीवर फुटली.

बाई पुढे गेल्या. त्यांनी आवाज चढवला नाही; मागच्या बाकावरच्या पोरांसाठी राखून ठेवलेली नजर वापरली. "ज्याला काही फेकायचं असेल त्याने आधी माझ्याशी बोलावं. आणि मला जरा स्टूल द्या."

स्टुलावर चढून त्यांनी त्या पांढऱ्या हाताला नख लावलं. पाण्याचा रंग असता तर बोटाला लागला असता. हा लागला नाही. नखाने त्याची कड उचलली गेली, मऊ, रबरासारखी. हा पांढरा डब्यातला नव्हता. आणि हाताच्या भोवती जो काळा ओघळत होता तो मात्र डब्यातलाच होता. म्हणजे हात आज उगवला नव्हता. तो पहिल्यापासून होता. कोणी तरी काढला होता, आणि मग काळा फासून झाकला होता.

बाई खाली उतरल्या.

"काय झालं?" बहिणीने विचारलं.

"मी उत्तर शोधत होते रंगात," बाई म्हणाल्या. "ते रंगाच्या खाली आहे."

४

छपाईच्या कारखान्यात डोकं धरणारा वास होता. शर्टवाला लांब टेबलाशी उभा होता. टेबलावर ओळीने काळे शर्ट ताणून बसवलेले. बाईंना बघून तो दचकला, पण हातचं काम सोडलं नाही.

"तुमचं चालू दे," बाई म्हणाल्या. "मी नुसती बघते. शाळेत आम्ही बटाट्याचे ठसे करायचो, त्यापलीकडे छपाई मला येत नाही."

शर्ट कुठल्या तरी दुसऱ्या बँडचा होता. आगीचा लाल लोळ. त्याने जाळीची चौकट शर्टावर टेकवली, जाड रंग घातला आणि रबराची पट्टी ओढली. चौकट उचलली तर शर्टावर लोळ उमटला होता, पण पांढरा. मग त्याने तो गरम हवेखाली वाळवला, दुसरी चौकट लावली, आणि त्या पांढऱ्यावर बरोब्बर लाल बसवला. लोळ पेटला.

"दोनदा कशाला?"

"काळ्यावर कुठलाच रंग उभा राहत नाही, बाई. कापड खातं. आधी खाली पांढरा घालायचा, मग वरून पाहिजे तो." बोलताना त्याचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. आपल्या कामाबद्दल बोलताना सगळ्यांचाच होतो. "काळा शर्ट म्हटला की आमचा हात आपोआप पांढऱ्याकडे जातो. तो रंग आम्ही धरतच नाही. तो कोणाला दिसत नाही ना."

"दिसतो," बाई म्हणाल्या.

रबराची पट्टी शर्टाच्या मध्यावर थांबली.

"तू अंगणातून जात नाहीस, म्हणून तुला माहीत नाही. भिंतीने वरचे रंग उतरवले. तुझा पांढरा तेवढा राहिलाय. चेहऱ्याचा, शर्टाचा. आणि हाताचाही."

त्याने दिवा बंद केला, पुन्हा लावला, आणि खुर्चीवर बसला. त्याचा डावा हात त्याने उजव्याने धरून ठेवला होता.

"ते लोक गिटारवाल्याला फाडून खातील," बाई म्हणाल्या. "चल. तिला तुझ्या तोंडून ऐकू दे."

५

सरावाच्या खोलीत पाचजण होते. माइकच्या स्टँडपासून सगळे लांब बसले होते. गिटारवाला भेदरलेला, डॉक्टर कोट न काढता तशीच आलेली, बहीण दाराशी उभी. शर्टवाला भिंतीला टेकला होता आणि त्या भिंतीचा घाम त्याच्या पाठीत उतरत होता.

"मी शाळेतल्यासारखं सांगते, कारण मला दुसरं येत नाही," बाई म्हणाल्या. "चित्र कोणी काढलं हे नंतर. आधी ते कुठून काढलंय ते बघू. वाघळ्याला सगळे खालून बघायचे. डॉक्टर बघायच्या, गर्दी बघायची. या चित्रात डोकं मोठं, पाय लहान. काढणारा त्याच्या वर होता. या इमारतीत त्याच्या वर फक्त गच्ची आहे."

"पण मग तो हात," गिटारवाला म्हणाला. "लोक म्हणतात माझा आहे."

"हात चित्राच्या कडेतून येतो. त्याच्या मागे माणूस नाही. दुसऱ्याचा हात आपल्याला दिसला तर त्याच्यामागचा माणूसही दिसतो. खांदाबिंदा नसलेला एकच हात आपल्याला रोज दिसतो, तो आपला स्वतःचा. ज्याने चित्र काढलं त्याचाच तो हात. तुला चित्र येत नाही. डॉक्टरांना येतं, पण त्यांचा लाल भिंत खाते आणि याचा पेटतो. ती युक्ती त्यांना माहीत नव्हती. काळ्यावर पांढरा घातल्याशिवाय ज्याला रंग लावताच येत नाही, असा माणूस या खोलीत एकच आहे."

सगळ्यांनी शर्टवाल्याकडे बघितलं.

"आपला हात त्याने आधी पांढऱ्याने काढला, सवयीने," बाई म्हणाल्या. "मग धीर झाला नाही, म्हणून डब्यातला काळा घेऊन झाकला. पांढरा कोणाला दिसत नाही, हे त्याच्या धंद्यात खरं असतं. भिंतीला ते माहीत नव्हतं."

बहीण पुढे आली. "त्याने ढकललं?" तिचा आवाज अगदी शांत होता. "एवढंच सांगा. ढकललं का याने?"

"नाही गं. ढकलणारा हात उघडा असतो. हा मिटलेला आहे, मनगटाभोवती." बाईंनी आपल्या एका हाताने दुसऱ्याचं मनगट पकडून दाखवलं. "आणि आता तुझ्या भावाची बोटं आठव. मी दोन दिवस विचार करत होते, याने धरलंय काय. माइक नाही, दांडा नाही. त्याने याचं मनगट धरलंय. गच्च. बोटं पांढरी पडेपर्यंत. जो माणूस जायला निघालाय ना, तो असं धरत नाही."

बहीण शर्टवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सांग," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. मान वर न करता, अडखळत, पण सगळं सांगितलं. नव्या शर्टावर वाघूळ लटकलेलं हवं होतं, खाली खोल काळोख. फोटो वरून घ्यायचा होता. बर्फाच्या लाद्या खाली सोडायला गच्चीतून बाहेर काढलेली एक लोखंडी तुळई होती. कल्पना शर्टवाल्याची, हौस वाघळ्याची. घरी सरावाचं नाव सांगून, मुलाखत बुडवून तो हसत आला होता आणि सरळ तुळईला लोंबकळला. तुळईला घाम असतो हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. एक हात सुटला तेव्हा शर्टवाल्याने हातातलं सगळं टाकलं आणि आडवा होऊन त्याचं मनगट धरलं.

"मला वर ओढता येईना," तो म्हणाला. "माझ्यात तेवढी ताकद नाही, ताई. मी ओरडत होतो, पण खाली कोणी नव्हतं. मग माझ्याच हाताला घाम यायला लागला." त्याने डावा हात उघडून बघितला. "नंतर मी पळालो. मला वाटलं, सगळे म्हणतील मीच. आणि एकदा दिवस गेला की मग सांगताच येईना. नव्या शर्टाला बसलो की तेच चित्र यायचं. दुसरं काही येईचना. म्हणून भिंतीवर काढलं."

"तो काही बोलला?"

शर्टवाल्याने मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही.

"तो काही बोलला का, विचारतेय मी."

"आधी म्हणाला, सोडू नको हां. मग मी म्हटलं, वर आलास की आधी तुला बदडतो. तर हसला. म्हणाला..." त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "म्हणाला, ताईला सांगू नको. ओरडेल."

खोलीत ते बारीक गुंजन तेवढं राहिलं. गिटारवाल्याने जाऊन ध्वनिवर्धक बंद केले. मग तेही राहिलं नाही.

घरी यायचं होतं वाघळ्याला. वर चढायचं होतं, कपडे झटकायचे होते, काहीतरी थाप मारून जेवायला बसायचं होतं. बाईंच्या मनात हे आलं आणि त्यांना समोरचं धूसर दिसायला लागलं. त्यांनी चष्मा काढला.

"उद्या पोलिसांकडे जायचं," त्या शर्टवाल्याला म्हणाल्या. "मी येईन बरोबर." त्याने मान डोलावली. डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढून घेतला.

"ओरडलेच असते मी," बहीण म्हणाली.

ती दार उघडून अंगणात गेली. गर्दी अजून होती. लोकांनी तिला वाट करून दिली. ती भिंतीसमोर जाऊन उभी राहिली, आणि तो पांढरा चेहरा नेहमीसारखा वर बघत होता.

"गाढवा," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला. "मुलाखतीला पाठवलं होतं तुला. नवा शर्ट घालून तुळईला लटकतोस? अक्कल कुठे ठेवली होतीस? घामाने हात सुटतो एवढंही कळत नाही? किती वेळा सांगितलं, त्या गच्चीवर जायचं नाही, किती वेळा. मी रागात काहीही बोलते, तुला माहीत नव्हतं का? घरी यायचं असतं अशा वेळी. मुकाट्याने घरी यायचं असतं."

चाहते माना खाली घालून उभे होते, त्यांनाच बोलणी बसावीत तसे. बाई दारात आल्या. कोणी तरी तिला धरायला पुढे झालं, त्याला बाईंनी हाताने मागे सारलं. ती रडत होती आणि ओरडत होती, शर्टावरून, बुडवलेल्या मुलाखतीवरून, न खाल्लेल्या जेवणावरून, लहानपणापासूनच्या एकेका खोडीवरून, आणि तिचं संपेपर्यंत कोणीही तिला गप्प केलं नाही.